वरच्या खोलीतलं पावणं

७ जानेवारी १९९६, रविवार. सकाळी ७.१०

नवी वही. वर्ष सुरू होऊन सात दिवस झाले, पण एक तारखेला रोजनिशी धरणारे दहा तारखेला सोडतात असा शाळेतला अनुभव आहे. मी सातला धरतोय. टिकेल.

यंदाचा संकल्प एकच. 'दृष्टी' चित्रपट मंडळाचा कार्यवाह व्हायचं. आत्ताच्या कार्यवाहांची सांगलीला बदली झाली, जागा मोकळी आहे. काल मंडळाचे अध्यक्ष आण्णा (निवृत्त चित्रकला शिक्षक, दाढी, बोलणं कमी) म्हणाले, २८ तारखेला इटलीचा एक जुना मानसशास्त्रीय भयपट दाखवायचा आहे, पण त्यावर बोलायला माणूस नाही. मी म्हणालो, मी बोलतो. आण्णांनी विचारलं, पाहिलाय का. मी म्हणालो, तीनदा.

'तीनदा' कुठून आलं कळलं नाही. पण २८ पर्यंत तीनदा पाहून होईलच. तेव्हा हे खोटं नाही. आगाऊ खरं आहे.

घरी येताना रिक्षावाला म्हणाला, कुठं जायचं पावणं. त्याला शांतपणे सांगितलं की मी अकरा वर्षं कोल्हापुरात राहतो, हायस्कूलात मराठी शिकवतो, कुणाचाही पाहुणा नाही, आणि मुळात शब्द 'पाहुणा' असा पुल्लिंगी आहे. तो म्हणाला, व्हय की पावणं, बसा.

८ जानेवारी, सोमवार. संध्याकाळी ६

शिवप्रसादच्या व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट आणली. मूळ इटालियन नाव पाच शब्दांचं. शिवप्रसादने लेबलवर स्केचपेनने लिहिलंय: 'इटालियन भूत (बाई)'. अभिरुचीची ही अवस्था. मी मराठी नाव दिलं, 'ऊर्ध्वकक्ष'. कालिंदीला (पत्नी) सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे वरची खोली ना. म्हटलं, ढोबळमानाने.

शिवप्रसादला सहज विचारलं, शेवट कसा वाटला. तो म्हणाला, सर, हलवाई पेढं खातोय व्हय. त्याने पाहिलेलाच नाही.

आता सुरू करतो.

त्याच दिवशी, ६.४०

वीस मिनिटं पाहिली. थोर कलाकृती. एक बाई डोंगरावरच्या मोठ्या घरात एकटी राहते. वरच्या मजल्यावर एक निळ्या दाराची खोली. बाई रोज दाराला कुलूप लावते, सकाळी दार उघडं. विसाव्या मिनिटाला वरून पावलं वाजतात आणि दाराची मूठ आपोआप फिरू लागते.

इथे वीज गेली. (मेन स्विच मीच बंद केला. वायरिंग जुनं आहे, अधूनमधून तपासलेलं बरं.)

१० जानेवारी, बुधवार

पुन्हा वीस मिनिटं. यावेळी अभ्यासाच्या दृष्टीने. मूठ डावीकडे फिरते. नोंद केली. त्यानंतर डोळ्यांत पाणी आलं, चष्म्याचा नंबर वाढला असावा. डॉक्टरांकडे जाईपर्यंत टीव्ही पाहणं योग्य नाही.

लिहायचं टेबल वरच्या खोलीतून खाली आणलं. वर उजेड कमी आहे, शिवाय जिन्याने गुडघे दुखतात. कालिंदी म्हणाली, परवापर्यंत वरच पडीक असायचात की. म्हटलं, गुडघे परवापासून दुखतायत.

भैरवीने (कन्या, दहावीत) विचारलं, बाबा, तुम्हाला भीती नाही वाटली पिक्चरची? सांगितलं, भीती ही व्याकरणाची चूक आहे, वाक्य नीट वाचलं की जाते. तिने हे तिच्या मैत्रिणींना सांगितलं. २८ तारखेला चौघी येणार आहेत. पोरीला माझा अभिमान वाटतो हे बघून फार बरं वाटलं. तिच्या वयात मला माझ्या वडिलांचा वाटायचा.

१५ जानेवारी, सोमवार. मुरगूड

संक्रांत. कालिंदी आणि भैरवी कालिंदीच्या माहेरी मुरगूडला निघाल्या होत्या. मूळ बेत असा की मी घरी एकटा थांबायचं आणि सलग सिनेमा संपवायचा. पण ऐन सणाला सासुरवाडीला न जाणं बरं दिसत नाही. एसटीत चढता चढता बेत बदलला.

मेव्हणे दारातच म्हणाले, या पावणं. इथे मात्र शब्द बरोबर. जावई हा पाहुणाच. मूळ रूप 'पाहुणे' असं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, आधी तिळगूळ घ्या.

दिवसभर सगळ्यांना ऊर्ध्वकक्षाबद्दल सांगितलं. वीस मिनिटांवर दोन तास बोललो. विषयावर पकड असल्याशिवाय हे शक्य नाही.

१८ जानेवारी, गुरुवार

दहा दिवस राहिले. शेवट माहीत असणं आवश्यक. पर्याय:

कालिंदीला पाहायला सांगून विचारणं. अशक्य. मी तिलाही 'तीनदा पाहिला' असंच सांगितलंय.

आण्णांना विचारणं. त्याहून अशक्य.

स्वतः पाहणं. चष्म्याच्या डॉक्टरांची वेळ अजून घेतलेली नाही.

दुपारी लक्षात आलं. शिवप्रसादच्या काउंटरवर सुतळीने बांधलेली एक दोनशे पानी वही असते. प्रत्येक कॅसेटला एक पान. कॅसेट परत करणाऱ्याने पिक्चर कसा आहे ते चार शब्दांत लिहायचं, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला कळतं. आजवर मी या वहीकडे तुच्छतेने पाहत होतो. ती माझी चूक. जगात कुठेही समीक्षेची सुरुवात सामान्य प्रेक्षकापासूनच होते. उद्या वही आणणार.

१९ जानेवारी, शुक्रवार

शिवप्रसाद वही द्यायला तयार नव्हता. सुतळी सोडायला पंधरा मिनिटं घेतली. सोमवारी परत पायजे म्हणाला.

'इटालियन भूत (बाई)' या पानावर अकरा अभिप्राय. जसेच्या तसे उतरवून घेतो.

'पिक्चर स्लो हाय. पैला अर्धा तास बाई नुस्ती जिना बघती.'

'गाणं एकबी न्हाय.'

'भूत दाखवत न्हाईत. फसवणूक.'

'इंग्लिश कळत न्हाय पण भ्या कळतंय.'

'घर लई भारी. येवढ्या घरात एकटीनं ऱ्हायाचं कशाला. भन आणायची न्हायतर म्हस.'

'दोनदा बघितला. दुसऱ्यांदा जास्त भ्या वाटलं. पैल्यांदा झोपलतो.'

'कॅसेट रिवाइंड करून देत जावा पावणं.'

'बाईच्या घरचं कोण तिला न्ह्यायला का येत न्हाय ते शेवटपातूर कळलं न्हाय.'

'जेवताना बघू नये.'

'बरा हाय.'

आणि अकरावा, सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात, सही कृष्णात: 'वरच्या खोलीत दुसरं कोण न्हाय पावणं'.

तीनदा वाचला. अंगावर काटा आला. शेवट सापडला.

त्याच दिवशी, ७.३०

सिनेमात एक पाहुणा आहे! विसाव्या मिनिटानंतर तो येत असणार. वरची पावलं त्याची, मूठ त्याने फिरवलेली. वरच्या खोलीत दुसरं कोणी नाही, पाहुणाच. अतिथीला देव मानणारी आपली संस्कृती, आणि तिकडे पाश्चात्त्यांच्या घरात अतिथी म्हणजे भय. काय विषय आहे!

विशेष म्हणजे अकरा वर्षांत या गावात 'पावणं' हा शब्द कुणीतरी योग्य अर्थाने वापरलेला प्रथमच पाहिला. हा कृष्णात कोण असावा? प्राध्यापक असेल. अक्षर वाईट आहे म्हणजे बहुधा असेलच.

सवयीने सगळे अभिप्राय लाल पेनाने तपासले. कृष्णातचं वाक्य शुद्ध केलं: 'ऊर्ध्वकक्षात अन्य कोणी नाही, पाहुणाच आहे.' मूळ वाक्यात विरामचिन्ह एकही नाही. तेवढा एक दोष सोडला तर दहापैकी नऊ.

२२ जानेवारी, सोमवार

वही परत केली. शिवप्रसादने लाल शाई पाहिली. मग म्हणाला, सर, गिऱ्हाइकं नापास केलासा की.

त्याला कृष्णातबद्दल विचारलं. रिक्षा चालवतो म्हणाला, कळंब्याकडं ऱ्हातो, आठवड्याला दोन कॅसेटी नेतो. प्राध्यापक नाही हे ऐकून थोडं वाईट वाटलं, पण विचार केल्यावर उलट उत्तम. लोकांतला प्रेक्षक. त्याचा अभिप्राय मी सभेत वाचून दाखवणार आहे, त्याला घेऊन ये, असं शिवप्रसादला सांगितलं. व्याख्यानाला लोकाधार मिळेल.

व्याख्यानाचं नाव: 'पाहुणा: एक मनोविश्लेषण'. शाळेच्या मशीनवर पत्रकाच्या साठ प्रती काढल्या.

२४ जानेवारी, बुधवार

घरी आलो तर कामवाल्या धोंडुबाई ओटा पुसता पुसता कालिंदीला सांगत होत्या, त्या बाईला हाताला काम न्हाय वैनी, म्हणून असलं हुतंय. मी विचारलं, कुठली बाई. कालिंदी म्हणाली, गल्लीतली. बायकांच्या गप्पांत मला रस नाही.

व्हीसीपी गरम लागत होता. वायरिंग पुन्हा तपासलं पाहिजे.

२७ जानेवारी, शनिवार

काल झेंडावंदन. सुट्टी सगळी व्याख्यानात गेली. चोवीस पानं झाली. पाहुण्याचं बालपण, पाहुण्याची टोपी, पाहुण्याचं मौन. टोपी अंदाजे घातली आहे. त्या काळातले इटालियन टोपी घालतच असणार.

उद्याची योजना: आधी दहा मिनिटं प्रास्ताविक. सिनेमा सुरू झाला की मी बाहेर. कुणी विचारलं तर चहाचं बघतोय. सिनेमा संपताच आत, आणि व्याख्यान. तीनदा पाहिलेल्या माणसाने चौथ्यांदा पाहायलाच पाहिजे असं नाही.

भैरवीने माझा झब्बा इस्त्री करून ठेवला. न सांगता.

२८ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ८

काही नाही. उद्या लिहितो.

२९ जानेवारी, सोमवार

डोकं दुखतंय. शाळेत रजा. लिहून काढतो म्हणजे निघून जाईल.

वाचनालयाचा हॉल भरला होता. सत्तर तरी लोक. दोन मोठे टीव्ही लावले होते. प्रास्ताविक छान झालं. नंतर ठरल्याप्रमाणे बाहेर. दीड तास चहाच्या पातेल्याजवळ उभा होतो. आतून अधूनमधून लोक एकदम श्वास ओढत तेव्हा पातेल्याकडे बघत राहिलो. चहावाला म्हणाला, पावणं, तुमी काय चहा राखायला आलाय काय.

सिनेमा संपला. आत गेलो. चेहरे पांढरे पडलेले. मी पाहुण्यावर बोलायला सुरुवात केली.

पहिल्या पाच मिनिटांत लोक एकमेकांकडे पाहू लागले. मला वाटलं, विषय खोल आहे. टोपीपाशी आलो तेव्हा मागे कुणीतरी हसलं. आण्णांनी दाढीतून विचारलं, खांबेटे सर, हा पाहुणा कुठल्या प्रसंगात येतो? मी म्हणालो, तो प्रत्यक्ष येत नाही, जाणवतो. बरं म्हणाले. मग मी पुरावा म्हणून कृष्णातचा अभिप्राय वाचला. आधी शुद्ध रूप, मग मूळ रूप.

चौथ्या रांगेतून एक माणूस उठला. इस्त्रीचा शर्ट, शेजारी बायको. म्हणाला, सर, त्ये मी लिवलंय. पण त्यात पावणा कुठं हाय? मी पुढच्या गिऱ्हाइकाला सांगितलतं. भिऊ नगासा पावणं, वर कोण न्हाय, बाईचं मनच तसलं हाय. पावणं म्हंजे वाचणारा. म्हंजे तुमी की.

सगळा हॉल हसला. दुष्टपणाने नाही, तसं हसले असते तर बरं झालं असतं. कृष्णात बिचारा ओशाळला. त्याची बायको त्याचा शर्ट ओढून बसवत होती.

वरच्या खोलीत दुसरं कोण न्हाय, पावणं. एक स्वल्पविराम. बावीस वर्षं मी पोरांना सांगतोय की संबोधनानंतर आणि संबोधनाआधी स्वल्पविराम द्या.

मी लगेच म्हणालो की मला तेच म्हणायचं होतं, प्रेक्षक हाच खरा पाहुणा. आण्णांनी मान हलवली आणि साधाच प्रश्न विचारला. मग शेवटी तिच्या बोटांना निळा रंग कसा?

मला निळ्या रंगाची कल्पना नव्हती. बोटांचीही नव्हती. पाणी प्यायलो.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून कालिंदी उठली. म्हणाली, दार तिनंच आदल्या दिवशी रंगवलेलं असतं, ओलं. म्हणजे रोज सकाळी दार उघडणारी तीच. कुलूप लावणारीही तीच. वरची पावलं तिचीच, ती खाली बसून ऐकते असं तिला वाटतं इतकंच. मग म्हणाली, आमच्या धोंडुबाई म्हणतात, बाईला हाताला काम नाही म्हणून असं होतं, आणि मला ते बरोबर वाटतं. चार भिंतींत एकटं ठेवलं की माणूस स्वतःचाच आवाज ऐकून दचकतं. पाच-सात मिनिटं बोलली. आण्णांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी. मीही वाजवल्या. काय करणार.

घरी येताना तिला विचारलं, तू कधी पाहिलास. म्हणाली, तुम्ही शाळेत असताना, धोंडुबाईंबरोबर, दोन वेळा. विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस. म्हणाली, तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही तीनदा पाहिला होतात ना.

भैरवी आमच्या मागून मैत्रिणींबरोबर येत होती. एरवी चौघींचा कालवा असतो. काल नुसता चपलांचा आवाज. मला फार लाज वाटली.

४ फेब्रुवारी, रविवार

मंडळाचं पत्र काल आलं. पाकीट माझ्या नावावर. आत लिहिलंय, नव्या कार्यवाह म्हणून सौ. कालिंदी खांबेटे यांची एकमताने निवड. श्री. खांबेटे यांनी चहाची व्यवस्था उत्तम पाहिली, ती पुढेही पाहावी अशी विनंती.

तत्त्वतः आनंदच आहे. पद घरात आलं. संकल्पाची पूर्तता झाली असं धरायला हरकत नाही.

धरायला हरकत नाही, पण धरवत नाही.

६ फेब्रुवारी, मंगळवार

कृष्णात स्टँडजवळ भेटला. मीच तोंड चुकवणार होतो, त्याने रिक्षा थांबवली. म्हणाला, सर, राग मानू नगासा, मला काय म्हाईत त्येवढ्या लोकांत वाचणार. मी म्हणालो, चूक माझी. तो म्हणाला, चूक कसली. पैल्यांदा मीबी अर्ध्यात बंद केलता. मग बायकोला शेजारी बसवून बघितला. त्याने घरापर्यंत सोडलं. उतरताना म्हणाला, जपून पावणं.

या वेळी दुरुस्त केलं नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार

भैरवीला सांगून टाकलं. एकदाही पूर्ण पाहिलेला नाही. वीस मिनिटं, दोन वेळा. मूठ फिरली की बंद.

तिला वाईट वाटेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, मला माहीत होतं. टेबल खाली आणलंत तेव्हाच. मग म्हणाली, उद्या सकाळी आई मंडळाच्या मीटिंगला जाणार आहे. माझी भूमिती दहापर्यंत होईल. त्यानंतर बसू.

११ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १.१५

पाहिला. पडदे उघडे, दिवे लावलेले, आवाज कमी. विसाव्या मिनिटाला मूठ फिरली. भैरवीने माझा हात डोळ्यांवरून काढला आणि धरून ठेवला. एकविसाव्या मिनिटाला दार उघडलं. आत खुर्ची होती. रिकामी. इतकंच. पस्तीस दिवस मी एका रिकाम्या खुर्चीला घाबरत होतो.

त्यानंतर मात्र खरंच भीती वाटली. भुताची नव्हे. बाई खाली बसून स्वतःचीच पावलं ऐकते तेव्हा. त्या बाईचं फार वाईट वाटलं. धोंडुबाई बरोबर आहेत. कालिंदीही. तिला संध्याकाळी तसं सांगणार आहे.

कॅसेट रिवाइंड केली. शिवप्रसादला परत दिली. त्याने लाल पेन आहे का म्हणून माझा खिसा आधी तपासला, मग वही पुढे केली. पान भरत आलं होतं, कृष्णातच्या खाली एका ओळीची जागा. निळ्या पेनाने लिहिलं. शुद्धलेखन पाहिलं नाही. घरी येऊन टेबल वर नेलं.

लिहिलेलं इथे उतरवून ठेवतो:

'कृष्णात म्हणतो ते खरं हाय. वर कोण न्हाय पावणं. पण दिवसा बघा.'